धनादेशाच्या फोटोमागचा हिशेब

"कंपनी मदत करते ती टॅक्स वाचवायला." कुठे पूर आला, दरड कोसळली, मोठ्या धनादेशाचा फोटो छापून आला, की चाकण-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते चूक आहे, आणि त्याने खरा प्रश्न बाजूला पडतो.

ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावी, असा कायदा 2014 पासून लागू आहे. हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मान्यताप्राप्त निधीला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकर कायद्याखाली सूट मागता येते. पण 22 टक्के दराची करपद्धत निवडलेल्या कंपनीला तीही नाही. पूर्ण सूट मिळाली तरी 25 टक्के कर भरणाऱ्या कंपनीच्या 100 रुपयांतले 75 खिशातून जातातच.

मग फायदा नसतोच का? असतो, आणि तो मान्य करण्यात गैर काही नाही. मार्च 2020 मध्ये बजाज समूहाने कोविडसाठी 100 कोटी जाहीर केले. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण भागातली रुग्णालयं सक्षम करणं हा त्याचा मोठा भाग होता. बजाजच्या आकुर्डी आणि चाकणच्या कारखान्यांत येणारा कामगार याच परिसरात राहतो. गावात नाव राहतं, कामगाराचा विश्वास वाढतो. पण रुग्णालयातली खाट कंपनीबाहेरच्या माणसालाही मिळते, म्हणून मला हा फायदा रास्त वाटतो.

"लॉकडाऊनमध्ये पगार दिला, तेही समाजकार्यच" हा समज मात्र खोडलाच पाहिजे. एप्रिल 2020 मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलं, की कायम असो वा कंत्राटी, कामगाराला दिलेला पगार सीएसआर नव्हे. ती मालकाची जबाबदारी आहे. हंगामी आणि रोजंदारी कामगारांना पगाराच्या वर दिलेली मदत तेवढी, एकवेळचा अपवाद म्हणून, धरली गेली. आपल्या पट्ट्यात कंत्राटी कामगार किती आहेत, हे सांगायला नको.

तसंच, कामगारांच्या पगारातून कापलेला एक दिवसाचा पगार हे कामगारांचं दान आहे. धनादेशावर नाव कंपनीचं असलं तरी ते बदलत नाही.

सीएसआर प्रकल्पांची माहिती कंपनीने संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. पुढचा फोटो दिसला की ती उघडून पाहा: ही रक्कम 2 टक्क्यांतलीच आहे, की त्यापलीकडची?