रक्तपिशाचाच्या हाती लेखणी

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीतील एक प्रसंग परदेशी स्थायिक झालेल्या वाचकाला विशेष जाणवावा असा आहे. लंडनला जाऊ पाहणाऱ्या काउंट ड्रॅक्युलाने ग्रंथांतून इंग्रजी आत्मसात केलेली असते. तरीही तोंड उघडताच आपण परके म्हणून ओळखले जाऊ, ही खंत तो जोनाथन हार्करजवळ व्यक्त करतो. पुढे तो समुद्रमार्गे निघतो तेव्हा मायभूमीच्या मातीने भरलेल्या ५० पेट्या सोबत नेतो. त्या मातीवाचून त्याला विसावा नसतो.

ही कादंबरी रोजनिशा, पत्रे आणि वृत्तपत्रीय कात्रणे यांतून उलगडते. पण त्यांत ड्रॅक्युलाची स्वतःची रोजनिशी नाही. त्याच्याविषयी सारे काही त्याची शिकार करणारेच सांगतात. आधुनिक भयकथेतील महत्त्वाचा बदल नेमका येथे आहे. तिने रक्तपिशाचाला बोलते केले आणि त्याला कशाची भूक आहे, हा प्रश्न नव्याने विचारला.

या बदलाची चाहूल फ्रिट्झ लायबर यांच्या ‘द गर्ल विथ द हंग्री आइज’ या १९४९ सालच्या कथेत लागते. तिची नायिका जाहिरातींतील मॉडेल आहे. तिला रक्त नको असते. तिच्या छायाचित्राकडे पाहणाऱ्यांच्या इच्छा आणि आठवणी हेच तिचे अन्न. अँजेला कार्टर यांनी १९७५ साली ‘द लेडी ऑफ द हाउस ऑफ लव्ह’ या कथेत वंशपरंपरेने आलेल्या तृष्णेला विटलेली एकाकी सरदारकन्या रंगवली. तिच्या वाड्यातून सायकलस्वार इंग्रज तरुण सुखरूप बाहेर पडतो, पण पुढे त्याच्यासमोर पहिले महायुद्ध उभे असते. पिशाचापेक्षा माणसाने रचलेला संहार अधिक भयंकर, हे कार्टर न सांगता सुचवतात.

कॅरेन रसेल यांची ‘व्हॅम्पायर्स इन द लेमन ग्रोव्ह’ ही कथा त्याच शीर्षकाच्या २०१३ सालच्या संग्रहात आहे. इटलीतील लिंबांच्या बागेत एक वृद्ध रक्तपिशाच दांपत्य राहते. रक्ताने आपली तहान भागतच नाही, हे सत्य क्लाइडला पत्नीकडूनच उमगलेले असते. आता दोघे लिंबे चोखून ती तहान तेवढ्यापुरती शमवतात. क्लाइडची उडण्याची शक्तीही सरली आहे. ही कथा दीर्घ सहजीवनाची आणि पुरत्या न सुटणाऱ्या व्यसनाची होते.

अलिसा वाँग यांच्या ‘हंग्री डॉटर्स ऑफ स्टार्व्हिंग मदर्स’ या २०१५ सालच्या कथेला नेब्युला पुरस्कार लाभला. न्यूयॉर्कमधील एक तरुणी भेटीस येणाऱ्या पुरुषांच्या मनातील दुष्ट विचारांवर जगते. एकदा अतिशय हिंस्र मनाची चव घेतल्यावर तिला साधे काही रुचेनासे होते. ही भूक तिला आईकडून मिळाली आहे. स्थलांतरित कुटुंबात एका पिढीची उपासमार पुढच्या पिढीत कशी उतरते, हे येथे पिशाचरूपाने समोर येते.

असे प्रयोग लघुकथेत विशेष साधतात, याला कारण आहे. लसूण, आरसा, क्रूस हे नियम वाचकाला आधीच ठाऊक असतात. त्यामुळे लेखकाला ते समजावून सांगावे लागत नाहीत. एखादा नियम उलटवला की तेवढ्यानेच कथा उभी राहते. पाठलाग आणि विजय यांना कादंबरीत अवकाश असतो. लघुकथा मात्र भुकेपाशीच थांबते आणि निवाडा वाचकावर सोपवते.

मराठी वाचकाला ही रीत तशी अनोळखी नाही. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली वेताळकथा इंग्रजीत आणताना वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. हा प्रतिशब्द फारसा नेमका नाही. वेताळ प्रेतात वास करतो, पण त्याचे सामर्थ्य रक्तपानात नसून प्रश्नांत आहे. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार म्हणून पुजला जातो. तरीही आजचे रक्तपिशाच ड्रॅक्युलापेक्षा विक्रमाच्या खांद्यावरील वेताळाला अधिक जवळचे वाटते. तेही गोष्ट सांगते, शेवटी प्रश्न टाकते, आणि उत्तर ठाऊक असलेल्या ऐकणाऱ्याला गप्प राहणे अवघड करून ठेवते.