स्टेपनी नसलेली गाडी

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मेकॅनिकलला असण्याचा एक मोठा तोटा आहे. घरातला मिक्सर बंद पडू दे, विहिरीवरची मोटर जळू दे, नाहीतर शेजाऱ्यांची स्कूटर रुसू दे, सगळे आपल्याकडेच बघतात. "अरे, तू मेकॅनिकलला ना?" आता आपण इंजिनच्या सायकलचे आलेख पाठ करून पास झालेलो असतो, हे त्यांना कसं सांगणार? गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न मला रस्त्याच्या कडेला, भर पावसात विचारला गेला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर नंतर शोधलं. ते तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

माझे काका कोयनानगरला राहतात. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी कऱ्हाडला जावं लागतं. सुट्टीत मी त्यांच्याकडे होतो, म्हणून गाडी चालवायची ड्युटी माझ्याकडे. सकाळी आठची वेळ. त्यामुळे सव्वासहालाच निघालो. काका पुढे, काकू मागे. गाडी सुरू केली तर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा. टायरच्या आडव्या छेदासारखं चित्र आणि त्यात उद्गारचिन्ह. काकांनी विचारलं, "हे काय रे?" मी ऐटीत म्हणालो, "काही नाही, पावसात हवा गार झाली की प्रेशर थोडं कमी होतं. गे-ल्युसॅकचा नियम!"

नियम बरोबर होता, पण निष्कर्ष चुकला होता.

पाटण मागे टाकून मल्हारपेठच्या अलीकडे आलो आणि स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. मग थप-थप आवाज. काकू म्हणाल्या, "थांब बाबा." मी म्हटलं, "पुढे एखादी पंक्चरची टपरी असेल, तिथपर्यंत जाऊ." अर्धा किलोमीटर तसंच हाकललं. टपरी दिसली, पण तिचं शटर बंद! सात-सव्वासातला कोण उघडणार? उतरून बघितलं तर पुढचं डावं चाक रिमवर बसलेलं. डिकी उघडली, खालचा गालिचा उचलला आणि स्टेपनीच्या जागी सापडला एक छोटा पंप आणि एक बाटली. गाडी काकांनी सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे तिथे काय आहे हे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं.

स्टेपनी गेली कुठे?

आधी या शब्दाची गंमत ऐका. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवून ट्यूब काढायची. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी एक जादा चाक विकायला काढलं. हवा भरलेला टायर चढवलेली ती नुसती रिम होती, तिला आरे नव्हते. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून आवळून बसवायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून त्या चाकाचं नाव 'स्टेपनी'. आज तिकडे हा शब्द मोटारवाल्यांच्या बोलण्यात उरलेला नाही, आपल्याकडे मात्र प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी आहे.

आणि आता तीच स्टेपनी गाड्यांमधून नाहीशी होतेय. भारतात २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या छोट्या प्रवासी गाडीत ट्युबलेस टायर, टायर दुरुस्तीचं किट आणि टायरमधलं प्रेशर सांगणारी यंत्रणा (टीपीएमएस) असेल, तर १ ऑक्टोबर २०२० पासून जादा चाक सक्तीचं राहिलेलं नाही. कंपन्यांच्या दृष्टीने सोय आहे. दहा-पंधरा किलो वजन वाचतं, जागा वाचते, आणि इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीसाठी ती जागा हवीच असते. पण नियमाचा अर्थ नीट बघा. स्टेपनीच्या बदल्यात तीन गोष्टी दिल्या आहेत, आणि त्यातली एक म्हणजे तो पिवळा दिवा. तोच मी सकाळी उडवून लावला होता!

दिव्याला कसं कळतं?

टीपीएमएस दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकात प्रेशरचा सेन्सर असतो आणि तो रेडिओ लहरींनी आकडा पाठवतो. दुसऱ्या प्रकारात सेन्सर वेगळा नसतोच. हवा कमी झाली की चाकाची परिणामकारक त्रिज्या थोडी घटते, म्हणून तेवढंच अंतर कापायला ते चाक इतरांपेक्षा जास्त फिरतं. ब्रेकच्या एबीएसचे सेन्सर चाकांचे फेरे मोजतच असतात, त्यातून हा फरक पकडला जातो. आहे की नाही डोकं?

माझा गे-ल्युसॅक कुठे चुकला ते आता सांगतो. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. दिवा लागायला साधारणपणे पाव हवा जावी लागते, म्हणजे ३३ चे २५ पीएसआय व्हावे लागतात. त्यासाठी पारा चाळीसेक अंशांनी उतरायला हवा. कोयनानगरला एका रात्रीत बर्फ पडला असता तरी हिशेब जमला नसता. दिवा लागला म्हणजे हवा कुठूनतरी जात होती, एवढा सरळ अर्थ होता.

आधी माणसं, मग गाडी

मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत उभा. काकांनी घड्याळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "तुझं चाक कधी नीट व्हायचं ते होऊ दे. आम्ही कसं जायचं ते आधी बघ." त्या दिवसाचं खरं इंजिनिअरिंग म्हणाल तर हेच. दोन प्रश्न होते आणि मी त्यांचा एक करून बसलो होतो. मागून वडाप आलं, हात केला, काका-काकूंना त्यात बसवून दिलं आणि मग चाकाकडे वळलो.

तुम्हीही हाच क्रम ठेवा. गाडी शक्य तितकी डाव्या बाजूला, सपाट जागी. चारही इंडिकेटर चालू, हँडब्रेक वर, लाल त्रिकोण मागे ५० मीटरच्या आसपास. माणसं डाव्या दाराने उतरून रस्त्यापासून लांब उभी. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर मदत मागता येते, जिवावरचं काही असेल तर ११२. द्रुतगती मार्गावर रस्त्याच्या बाजूचं चाक दुरुस्त करायला बसू नका. पंक्चर दुरुस्त होतं, आपण होत नाही.

भोक कुठे आहे?

आता चाक बघा. रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग जाड असतो, त्यात पट्टे असतात. तिथे खिळा घुसला असेल आणि भोक साधारण ४ ते ६ मिलिमीटरच्या आत असेल, तर रस्त्यावर इलाज होतो. बाजूच्या भिंतीला भोक किंवा चीर असेल, टायर फाटला असेल, रिम वाकली असेल, तर किटला हात लावू नका. सरळ टोइंग बोलवा. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतलेली असेल तर ती यासाठीच असते. गाडी इलेक्ट्रिक असेल तर ती पूर्ण उचलून नेणारीच गाडी मागवा, कारण चाकं जमिनीवर फिरत ओढली तर मोटरला इजा होऊ शकते.

माझ्या नशिबाने खिळा नक्षीतच होता. मी काय केलं असेल? पक्कड घेतली आणि उपटला!

मित्रांनो, खिळा उपटू नका. खिळा हेच त्या भोकाचं बूच असतं. तो जागेवर ठेवून आधी पंपाने हवा भरून बघायची. बऱ्याचदा हवा इतकी हळू जाते की हवा भरून, मध्ये एकदा थांबून प्रेशर बघत, आपण पंक्चरवाल्यापर्यंत पोचतो. खिळा काढायचा तो दुरुस्तीचं सामान हातात असेल तरच.

बाटलीत काय असतं?

त्या बाटलीत सीलंट असतं. सहसा रबराचा चीक म्हणजे लॅटेक्स, ते गोठू नये म्हणून ग्लायकॉल आणि काहींत बारीक तंतू. टायरमध्ये गेल्यावर बाहेर निसटणारी हवाच हा द्रव भोकाकडे ओढून नेते, तिथे कण अडकतात, लॅटेक्स साकळतं आणि भोक बुजतं. जखमेवर खपली धरते तसंच. पंप १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायचा, गाडी चालू ठेवायची, नळी व्हॉल्व्हला जोडायची. सुरुवातीला काटा एकदम वर जातो, घाबरू नका. घट्ट द्रव व्हॉल्व्हमधून ढकलला जात असतो, तो गेला की काटा खाली येतो आणि मग खरं प्रेशर दिसतं. हवा भरली की लगेच निघायचं, म्हणजे द्रव आत सगळीकडे पसरतो. दहाएक मिनिटांनी थांबून पुन्हा मोजायचं. प्रेशर १.३ बारच्या, म्हणजे सुमारे १९ पीएसआयच्या खाली आलं असेल तर तिथेच थांबायचं. वेग ८० च्या आत. आकडे किटप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून पुस्तिका वाचा. आणि पंक्चरवाल्याला आत सीलंट आहे हे आठवणीने सांगा, त्याला टायर आणि सेन्सर धुवावे लागतात.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी पंप घरघरला, पण बाटलीतून काही उतरेना. बाटलीवर मुदत छापलेली असते, साधारण चार-पाच वर्षांची. आमची आदल्या वर्षीच संपली होती. आतल्या चिकाचं पनीर झालं होतं.

टेम्पोवाले दादा

शेवटी दुधाचा टेम्पो थांबला. दादांनी खाली वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न, "खिळा कशाला उपाटला?" दुसरा प्रश्न तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्या सीटखाली ट्युबलेस पंक्चरचं साधं किट होतं. टोच्या, सुई, चिकट रबरी पट्ट्या आणि सोल्युशन.

स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी थोडी सरकवून त्यांनी भोक समोर आणलं, जॅकसुद्धा लागला नाही. खिळा ज्या तिरकेपणाने गेला होता त्याच दिशेने टोच्या घालून भोक खरवडलं. सुईच्या नेढ्यात पट्टी ओवली, सोल्युशन लावलं, जोर देऊन आत दाबली, बाहेर दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी ठेवली आणि झटक्यात सुई ओढून घेतली. पट्टी आतच राहिली. वरची टोकं कापली, आमच्याच पंपाने हवा भरली. टायरमध्ये २५-३० लिटर जागा असते. ३३ पीएसआयसाठी बाहेरची साठेक लिटर हवा कोंबावी लागते. छोटा पंप मिनिटाला १०-१५ लिटर देतो असं धरलं, तर पाच-सहा मिनिटं. तेवढीच लागली. भोकावर पाणी टाकलं, बुडबुडा नाही. दादांनी पैसे घेतले नाहीत. "पुढं कुणाला तरी दे," म्हणाले. त्यांना पट्ट्यांचं पाकीट म्हणायचं होतं की मदत, ते मी विचारलं नाही. आता दोन्ही देतो.

अर्ध्या किलोमीटरची किंमत

चाळीसच्या वेगाने कऱ्हाडला पोचलो आणि टायरच्या दुकानात चाक उतरवलं. आतून टायर पालथा केला तर काळी रबराची भुकटी सांडली. दुकानदार म्हणाले, "बिनहवेचा पळवलाय. फेकून द्या."

का, ते आता गणितात बघा. माणसांसकट बाराशे किलोची गाडी, एका चाकावर ३०० किलो. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो. ३०० भागिले २.३ म्हणजे १३० चौरस सेंटीमीटर. तळहाताएवढ्या जागेवर चाक उभं असतं, आणि भार पेलते ती मुख्यतः हवा. हवा गेली की रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायरची भिंत दुमडते, दर फेऱ्याला एकदा. चाकाचा परीघ १.८ मीटर धरला तर अर्ध्या किलोमीटरमध्ये पावणेतीनशे वेळा! रबर आतून घासतं, तापतं, धागे तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणजे मी ज्या टायरवर कऱ्हाडपर्यंत आलो तो वाटेत फुटूही शकला असता. हळू आलो म्हणून निभावलं, एवढंच.

टायरचे पैसे गेले, त्याचं वाईट वाटलं. पण दवाखान्यात पोचलो तेव्हा कळलं, काका साडेआठनंतर पोचले होते. मशीनवर पुढचा पेशंट ठरलेला, म्हणून चार तासांऐवजी साडेतीनच तास मिळाले. काका काही बोलले नाहीत. निघताना दिवा बघून दहा मिनिटं हवा भरली असती, तर तो अर्धा तास त्यांचाच होता.

म्हणून एवढं करा. आज घरी गेलात की डिकीतला गालिचा उचला. खाली चाक आहे की बाटली ते बघा. बाटली असेल तर तिची मुदत वाचा. पंप एकदा चालवून बघा. टोच्या-सुईचं किट घेऊन ठेवा आणि एखाद्या पंक्चरवाल्याजवळ बसून ते वापरायला शिका. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर योग्य प्रेशर लिहिलेलं असतं, ते महिन्यातून एकदा सकाळी, टायर गार असताना तपासा.

काका आता गाडीत बसले की पट्टा लावायच्या आधी विचारतात, "दिवा बघितलास?" मी बघितलेला असतो. तरी पुन्हा बघतो.