भावासाठी थांबू शकणारं पीक

नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर आधी खायची द्राक्षं लावली, मग वाइनची, आणि 1999 साली तिथंच ‘सुला’ची वाइनरी उभी राहिली. त्याआधी नारायणगावात शामराव चौगुले यांनी ही वाट पाडली होती, आणि 2001 च्या राज्याच्या द्राक्ष-वाइन धोरणानं तिला बळ दिलं. तेव्हापासून वर्ध्यातल्या शेतकऱ्यानंही असंच काही करावं, जिल्ह्याची दारूबंदी तेवढी आड येते, असा सूर अधूनमधून लागतो. मला हे निदान चुकीचं वाटतं. वर्ध्याच्या शेतकऱ्यानं वाइनकडून घेण्यासारखं नक्कीच काही आहे, पण त्याचा दारूशी संबंध नाही.

लाल वाइन कशी होते ते पाहिलं की मुद्दा उलगडतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. म्हणून चुरलेली द्राक्षं साली-बियांसकट आंबवतात. आंबताना साली वर येऊन त्यांचा जाड थर धरतो, तो दिवसातून दोन-तीनदा रसात दाबावा लागतो; मग रस गाळून मुरायला ठेवतात. या सगळ्या खटाटोपानं शेतकऱ्याच्या अंगानं एकच गोष्ट बदलते. तोडणीनंतर काही दिवसांत उतरणारं फळ आता वर्षानुवर्षं टिकतं. घाईनं विकायची सक्ती सुटली, की व्यापाऱ्यापुढची अगतिकताही कमी होते. तासगावचा बेदाणा हेच काम अल्कोहोलशिवाय करतो: चार किलो द्राक्षं शेडमध्ये वाळून किलोभर बेदाणा होतो आणि शीतगृहात भावाची वाट पाहतो.

बंदी उठवली तर वाइन येईल, या म्हणण्याला शेजारचे जिल्हेच उत्तर देतात. नागपूर, यवतमाळला बंदी नाही, तरी तिथं नाशिकसारखा वाइनचा पट्टा उभा राहिला नाही. पंचेचाळीस अंशांवर जाणारा उन्हाळा, पाणी धरून ठेवणारी भारी काळी जमीन आणि दमट पावसाळ्यातला केवडा रोग ही खरी अडचण आहे. बंदी असूनही चोरटी दारू मिळतेच, हा आक्षेप खरा आहे. पण तो अंमलबजावणीवरचा आक्षेप आहे, त्यातून द्राक्षबाग उगवत नाही.

शेतमालाला गावातच रूप द्यावं, हा विचार तर वर्ध्याच्या घरचाच. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तिथं घाणी, हातकागद, ताडगूळ यांचं अर्थशास्त्र मांडलं. नीरेचं उदाहरण इथं नेमकं बसतं. मडक्याला आतून चुना लावून पहाटेच उतरवली तर ती गोड राहते. दुर्लक्ष झालं, ऊन चढलं की आंबून ताडी होते. मगनवाडीनं तिला उकळून गुळाच्या वाटेनं नेलं, आणि नासणारा रस टिकाऊ झाला.

आज या विचाराचा सर्वांत जवळचा वारस समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कंद उकळायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे, घासून पॉलिश करायचे, ही सगळी कामं शेतकऱ्याच्याच हाताखाली होऊ शकतात. आणि वाळलेली हळद पोत्यात भरून भाव येईपर्यंत ठेवता येते. आर्वी, आष्टी, कारंजाच्या संत्र्याला ही सोय नाही. बाग झाडावरच ठोक्यानं दिली जाते, कारण उतरलेलं फळ थांबत नाही. रस काढून ठेवावा तर नागपुरी संत्र्यातल्या लिमोनिनमुळे तो काही तासांत कडवट होऊ लागतो. कडवटपणा काढायची तंत्रं आहेत, पण ती मोठ्या कारखान्यांच्या मापाची. दोन-चार एकरांच्या बागायतदाराला परवडेल अशी रीत बसवणं हे काम आज वर्ध्यात व्हायला हवं, आणि मगनवाडीच्याच आवारात ग्रामीण उद्योगांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी आहे.