मंजुळा हवी आहे!

वाशिमच्या कॉलेजात ‘ती फुलराणी’ची ऑडिशन झाली... आणि शुद्ध बोलणाऱ्यांचीच पंचाईत झाली!

तुम्ही कधी ऑडिशन दिलीये? इंटरव्ह्यू नाही म्हणत मी. इंटरव्ह्यूला निदान एसी असतो, कुणीतरी पाणी विचारतं आणि नापास झालात तरी ते चारचौघांत सांगत नाहीत. ‘कळवतो’ म्हणतात. ऑडिशनला मात्र जे काय व्हायचं ते सगळ्यांच्या देखत होतं. त्यातून शहर वाशिमएवढं असलं की संध्याकाळपर्यंत किराणा दुकानदारालाही माहीत असतं!

साल २०१३. नोटीस बोर्डावर परीक्षा फॉर्मच्या तारखांखाली वहीचं एक फाडलेलं पान लागलं. गॅदरिंगसाठी ‘ती फुलराणी’तले निवडक प्रवेश. मंजुळा हवी आहे. शनिवारी अकरा वाजता, हॉल.

मी ते पान वाचलं आणि मनातल्या मनात रोल माझ्या नावावर करून टाकला. का नाही करणार? कॉलेजचं प्रत्येक सूत्रसंचालन माझं, पाहुण्यांचे आभार माझे, पंधरा ऑगस्टचं भाषण माझं. आमच्याकडे ‘शुद्ध बोलणारी’ ही एक पोस्टच असते आणि त्या पोस्टवर माझी बिनविरोध निवड झालेली होती. बाबा मास्तर. घरात आई-बाबा एकमेकांशी वऱ्हाडीत बोलायचे, पण आमच्याशी बोलताना दोघांचाही गिअर बदलायचा. आजी शाळेला ‘शाया’ म्हणायची आणि डोळ्याला ‘डोया’. तिची नक्कल केली की मला ओरडा बसायचा. नक्कल करते म्हणून नव्हे हं... तोंडात बसेल म्हणून!

ज्यांना हे नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (असे लोक आहेत, माझ्या टीममध्येच दोन बसतात). बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली रंगमंचावर आलं. रस्त्यावर फुलं विकणारी गावरान पोरगी आणि तिला सभ्य भाषा शिकवून मोठ्या घरची बाई म्हणून खपवायची पैज मारणारा भाषेचा प्रोफेसर. पुलंनी ते मराठीत आणलं, १९७५ मध्ये. इंग्रजीतल्या उच्चारांची गंमत मराठीत जशीच्या तशी येणारच नव्हती, म्हणून त्यांनी ती आपल्या न-ण आणि स-श मध्ये नव्यानं शोधली. मंजुळा झाल्या भक्ती बर्वे आणि प्रोफेसर सतीश दुभाषी. त्यानंतर महाराष्ट्रात ज्या ज्या मुलीला अभिनेत्री व्हायचं होतं, तिनं आरशासमोर मंजुळाचं ते सूड घेण्याचं स्वगत एकदा तरी म्हटलेलं आहे.

मीही म्हटलं. भक्तीताईंना मी रंगमंचावर कधीच पाहिलं नव्हतं. फेब्रुवारी २००१ मध्ये एक्स्प्रेसवेवरच्या अपघातात त्या गेल्या तेव्हा मी दुसरीत होते. पण यूट्यूब होतं. टूजी नेटवर ते काही मिनिटांचं स्वगत बघायला पाऊण तास लागायचा. बफरिंगमुळे मला त्यातला प्रत्येक श्वास पाठ झाला. नको तिथला पॉजसुद्धा!

अकरा भक्ती बर्वे

शनिवारी हॉलमध्ये अकरा मुली होत्या आणि अकराही जणींनी तेच स्वगत आणलं होतं. तोच चढता आवाज, तीच कमरेवर ठेवलेली मुठ, तीच शेवटची उडी. (कुणी ऑडिशनला जाणार असाल तर एक फुकट सल्ला. हे स्वगत नेऊ नका. खरंच नका नेऊ.) सर मराठीचे, राज्य नाट्य स्पर्धेत मुरलेले. चौथ्या मुलीपर्यंत ते मान डोलवत होते, सातव्या मुलीला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझा नंबर नववा.

माझं झाल्यावर सर म्हणाले, “पाठांतर छान आहे. आता ते विसर. तू बालाजी मंदिरासमोर हार विकायला बसली आहेस. मी गिऱ्हाईक. चल.”

वाशिमच्या पोरीला बालाजी मंदिर काय समजावून सांगायचं? शेकडो वेळा गेले असेन. हार विकणाऱ्या बायका कशा बसतात, पाण्याचा हबका कसा मारतात, सगळं डोळ्यांपुढे होतं. मी मांडी घातली, पदर खोचल्यासारखं केलं, तोंड उघडलं आणि आतून आलं, “घ्या ना साहेब, अगदी ताजी फुलं आहेत.”

हॉल हसला.

“बाई, ही हारवाली आहे की एअरहोस्टेस?” सर म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, “घरी कशी बोलतेस?”

“अशीच.”

“आई आजीशी कशी बोलते?”

मला माहीत होतं. शब्द न् शब्द माहीत होता. पण ते तोंडातून निघेना. मंडळी, मी पुढे इंग्रजीत प्रेझेंटेशनं दिलीत, क्लायंटच्या शिव्या खाल्ल्यात, पण त्या स्टेजवर ‘काऊन’ हा एक शब्द उच्चारायला जेवढी लाज वाटली तेवढी परत कधी वाटली नाही. खोटी फुलवाली मला जमत होती, कारण ती पुण्या-मुंबईची होती. खरी फुलवाली माझ्या घरात होती आणि तिला मी कधीच बाहेर येऊ दिलं नव्हतं.

मी खाली येऊन बसले. पुढच्या दोघींचंही तेच झालं. अकरा मुली, सगळ्या वाशिम जिल्ह्यातल्या, आणि एकीलाही वाशिमसारखं बोलता येईना!

सही द्या ना सर

तेवढ्यात दारात एक मुलगी उभी. हातात शिष्यवृत्तीचा फॉर्म. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून रोज अप-डाउन करायची. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि आमच्यापैकी कुणीही तिच्याशी तीन वाक्यांपलीकडे बोललेलं नव्हतं.

“सर, सही द्या ना. ऑफिस बंद होईल,” ती म्हणाली. चक्क स्वच्छ प्रमाण मराठीत.

सर वैतागलेले होतेच. म्हणाले, “देतो. आधी मला एक हार विक.”

तिला वाटलं सर थट्टा करताहेत. तिनं आमच्याकडे पाहिलं, फॉर्म बाकावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सुरू झाली.

“घ्या ना भाऊ, हार घ्या. बालाजीले काय रिकाम्या हातानं जाता?”

“केवढ्याले?” सरही वऱ्हाडीत.

“वीस.”

“दहाले दे.”

“दहाले? दहाले तं दोरा बी येत नाई बावा! चार वाजता उठून ओवला मी हार. देवाच्या दारात तरी भाव नका करू!”

मध्येच तिचा फोन वाजला. “याडी...” म्हणून ती बाजूला वळली आणि गोरमाटीत भराभर काहीतरी बोलली. आम्हाला त्यातलं अक्षर कळलं नाही. फोन ठेवून परत सरांकडे, “पंधरा द्या, अन् देवाले सांगा मले पास कर म्हनून.” मग एकदम सरळ उभी राहून, “सर, सही?”

एका मिनिटात तीन भाषा. आणि एकीतही अभिनय नाही! तांड्यावर गोरमाटी, एसटीत नि बाजारात वऱ्हाडी, वर्गात पुस्तकातली मराठी. मंजुळा ज्या प्रवासाला अख्खं नाटक घेते, तो ही मुलगी रोज सकाळी करायची आणि संध्याकाळी परत जायची.

सरांनी सही केली आणि फॉर्म हातात देताना विचारलं, नाटकात येशील का?

“मले कायले घेता सर नाटकात? मले साडेपाचची गाडी हाये.”

हा नखरा नव्हता. ती गाडी चुकली तर पुढे तांड्यापर्यंत न्यायला काहीच नव्हतं. त्यात गावाकडे मुलीचं नाटक म्हणजे काय प्रकरण होऊ शकतं हे तुम्हाला सांगायला नको. शेवटी तालमी संध्याकाळऐवजी दुपारी अकरा ते दोन झाल्या. सर एका रविवारी स्वतः तिच्या घरी जाऊन आले. तिथे काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. ‘चहा चांगला होता’ एवढंच म्हणाले.

आणि मला काय मिळालं? ऐका. मला मिळालं काम मंजुळाला शुद्ध शिकवायचं! नाटकात नव्हे, तालमीत. नंतरच्या प्रवेशांत मंजुळाची भाषा घोटून पक्की हवी, रोजच्या बोलण्यापेक्षा एक घर जास्तच सफाईदार. म्हणजे थोडक्यात मी झाले प्रोफेसर. फुकट. बिनमानधन.

पहिल्याच दिवशी माझी विकेट पडली. आमच्याकडे बाई ‘मी आली’, ‘मी गेली’ म्हणते. पुण्यात हे ऐकून लोकांच्या भुवया कपाळावर जातात. मी तिला सांगितलं, ‘मी आले’ म्हण. ती म्हणाली, “काऊन? तो आला, ती आली. मी पोट्टी आहो, तं मी आली. तुहं ‘आले’ कुठून आलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ‘पुस्तकात असंच आहे’ हे मी तेव्हा म्हटलं होतं आणि ते म्हणताना मला माझाच आवाज आवडला नव्हता.

हा वाद सरांच्या कानावर गेला आणि त्या दिवशी तालीमच झाली नाही. सरांनी आम्हाला वत्सगुल्म सांगितलं. वाशिमचं जुनं नाव. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याची कितीतरी लेणी ज्याच्या काळात कोरली गेली तो हरिषेण याच शाखेतला. १९३९ मध्ये वाशिमला एक ताम्रपट उजेडात आला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. (आम्ही आता ऑफिसात हेच करतो की! पदनाम इंग्रजीत आणि कामाचं बोलणं मराठीत.)

आणि खरी गंमत पुढे. इसवी सन ९०० च्या आसपास राजशेखरानं ‘कर्पूरमंजरी’ नावाचं नाटक लिहिलं. विनोदी, प्रेमाचं, विदूषक-दासीच्या भांडणाचं. संस्कृत रचना कठोर आणि प्राकृत सुकुमार, म्हणून अख्खं नाटक प्राकृतात. ते रंगमंचावर आलं त्याची बायको अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून. त्या नाटकाच्या अगदी सुरुवातीला काव्याच्या ज्या शैलींची नावं येतात त्यात एक आहे ‘वच्छोमी’. म्हणजे वत्सगुल्मी. म्हणजे, बॉस, वाशिमची स्टाइल! पुढे विदूषक सांगतो की दक्षिणेत वच्छोम नावाच्या नगरात त्यानं एक मुलगी पाहिली होती, आणि तिलाच मंत्रानं राजापुढे हजर केलं जातं. म्हणजे तिची ऑडिशनच झाली म्हणायची.

“कधीकाळी आपल्या गावाच्या नावानं लोक सुंदर भाषा ओळखायचे,” सर म्हणाले, “आणि तुम्ही ‘काऊन’ म्हणायला लाजता!” मग त्यांनी ठरवून टाकलं. शब्द पुलंचे, एकही बदलायचा नाही. हेल आपला.

गॅदरिंगच्या रात्री मी विंगेत प्रॉम्प्टिंगला. पहिल्या प्रवेशात मंजुळा तोंड उघडते, तिथे पुण्या-मुंबईत हशा येतो हे आम्हाला माहीत होतं. तशी जागाही सोडली होती. हशा आलाच नाही. हॉल शांत. माझ्या पोटात गोळा. मग लक्षात आलं की हसण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं. एक बाई फुलं विकतेय, गिऱ्हाईक हुज्जत घालतंय, यात काय विनोद? उलट प्रोफेसर तिच्या बोलण्याला नावं ठेवायला लागला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “अबे जाऊ दे ना तिले!”

हशा आला तो नंतर. मंजुळा घोटीव शुद्ध मराठीत बोलायला लागली आणि हॉल फुटला. एकेका ‘ण’ला शिट्ट्या. मी तिला दीड महिना शिकवलेली भाषा, म्हणजे माझी भाषा, आणि सगळं वाशिम त्यावर पोट धरून हसत होतं. विंगेत माझ्या बाजूला उभा असलेला लाइटवाला पोरगा म्हणाला, “डिट्टो तू!”

मला राग आला की हसू, आता आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

ती आज तिच्याच तालुक्यात शिकवते. पहिली-दुसरीच्या पोरांना. पोरं घरून गोरमाटी घेऊन येतात, ती त्यांच्याशी आधी गोरमाटीत बोलते आणि मग हळूहळू पुस्तकाकडे नेते. तिला कुणी हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं असेल-नसेल, मी विचारलं नाही. मी पुण्यात. वाकडला फ्लॅट, हिंजवडीला ऑफिस. टीव्हीवर २०१४ नंतर भारत गणेशपुरेंमुळे वऱ्हाडी घराघरांत गेली, तेव्हापासून ऑफिसातले लोक पार्टीत म्हणतात, “ए, वऱ्हाडी बोलून दाखव ना!” मी दाखवते. दोन वाक्यं. लोक हसतात. घरी जाताना कॅबमध्ये मला त्या हॉलमधली शिट्टी आठवते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मी लिफ्टमध्ये होते, आजूबाजूला पाच-सहा जण, सगळ्यांच्या गळ्यात आयकार्ड. मी म्हटलं, “हॅलो, बोल गं, कशी आहेस?” दोन सेकंद पलीकडे काहीच नाही.

“काऊन वं, अशी काऊन बोलून राह्यली? मीच आहो ना.”

लिफ्ट तळमजल्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर पडायच्या आधीच मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं, “आली वं मी भाईर. बोल आता.”