पिवळा नॉब ओढायचा राहिला

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो. वीस वर्षे ज्या गोदामाचे हिशेब लिहिले ते २०२३ साली बंद पडले, आणि आम्ही ट्रक चालवायला शिकायचे ठरवले. सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला आपली मोटार गॅरेजात धड लावता येत नाही." ते खरे आहे.

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, फ्रेस्नोच्या आसपास, या धंद्यात आपली पंजाबी मंडळी पुष्कळ. आमच्या तुकडीत सात जण होते, मराठी आम्ही एकटेच. शिकवणाऱ्यांना सगळे 'उस्तादजी' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. शाळेचे नाव सांगत नाही. ते सांगून कोणाचे भले होणार नाही.

या देशात ७ फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणीकृत संस्थेत शिकल्याशिवाय मोठ्या ट्रकच्या पहिल्या लायसन्सची प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा देता येत नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावरही चौदा दिवस थांबावे लागते. मात्र प्रत्यक्ष चाकामागे किती तास बसवायचे, हे केंद्राच्या नियमात नाही. 'याला येते' असे शिकवणाऱ्याने कळवले की पुरे. आम्हाला रस्त्यावर चालवणे लवकर जमले. घाम फुटला तो मागे घेताना. ट्रेलर त्रेपन्न फुटांचा, आणि त्याचे शेपूट उजवीकडे न्यायचे तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचे. निम्मे आयुष्य मोटार चालवलेल्या हातांना हे उलटे गणित पटत नाही.

ब्रेकचेही तसेच. मोटारीत पाय दाबला की ब्रेक लागतो, एवढे आपल्याला ठाऊक. ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्ये मात्र जाडजूड स्प्रिंगा असतात आणि हवेचा दाब त्यांना मागे रोखून धरतो. हवा सोडली की स्प्रिंग सुटते आणि चाके जखडतात. म्हणजे हवा भरलेली असताना ट्रक मोकळा, हवा गेली की बांधलेला! त्यासाठी डॅशबोर्डवर दोन नॉब असतात, पिवळा ट्रॅक्टरचा आणि लाल ट्रेलरचा. बाहेर ओढले की 'फुस्स' असा मोठा आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय खाली उतरायचे नाही, हा पहिल्या दिवशीचा धडा.

दुसरा धडा असा की मागचे दिसत नसेल तर उतरून बघावे. मान वेळावून अंदाज करू नये. आमच्याकडून घोटाळा झाला तो हा दुसरा धडा पाळताना.

त्या सकाळी ट्रेलर उजवीकडे वळवून दोन शंकूंच्या मधे घालायचा होता. त्या बाजूला आरशात ट्रेलरची भिंत तेवढी दिसते, कोपरा दिसत नाही. आमच्या तुकडीतला बावीस वर्षांचा मुलगा, जालंधरकडचा, मागे शंकूजवळ उभा होता. तिथे उभे राहून इशारा कर, असे उस्तादजींनीच त्याला सांगितले होते. आम्ही थांबलो, गिअर न्यूट्रलमध्ये टाकला आणि पाहायला म्हणून दार उघडले. पायरीवर एक पाय टेकतो तोच दरवाजासकट सगळे मागे सरकू लागले.

आवारालाच मागच्या बाजूस उतार होता, डोळ्यांना जाणवणारही नाही इतका. पण ट्रेलर रिकामा असला तरी गाडीचे वजन पंधरा टनांच्या आसपास. "अंकलजी, ब्रेक!" एवढे ऐकू आले. आम्ही तसेच परत वर चढून पिवळा नॉब ओढला. नंतर मोजले तेव्हा नऊ फूट भरले. मुलाने बाजूला उडी घेतली म्हणून तो ट्रेलर आणि मागच्या कुंपणाच्या मधे सापडला नाही. पण पडताना उजवा हात खाली आला आणि कोपराखालची दोन्ही हाडे मोडली.

रुग्णालयातून संध्याकाळी परतलो तो कार्यालयात कागद तयार होता. 'विद्यार्थी मनाई असलेल्या जागी उभा होता.' खाली आमच्या सहीसाठी रेघ. नऊ दिवसांवर परीक्षा, आणि फी भरलेली थोरल्या मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशांतून. सही केली असती तर आमची चूकही त्याच वाक्यात झाकून गेली असती. खोटे कशाला बोलू, आम्ही पेन हातात घेतले होते. पण दुपारी त्याच्या आईचा जालंधरहून फोन आला होता, आणि मुलाने तो आमच्या हातात दिला होता. "भाईसाहब, आप वहाँ हैं ना?" असे त्या बाईंनी विचारले होते.

आम्ही रेघेखाली आपल्या अक्षरात लिहिले की ब्रेक लावायचा आमच्याकडून राहिला, आणि मुलगा उभा होता तो सांगितलेल्या जागीच. मग सही केली. आमची परीक्षा पुढे गेली, नव्या शाळेत पुन्हा फी पडली. सौ. दोन दिवस बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बरे केलेत."

नोकरीच्या अर्जात मागच्या तीन वर्षांतले अपघात लिहावे लागतात. आम्ही हाही लिहिला. पहिल्या कंपनीने नकार दिला. दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी वाचून विचारले, "आता उतरताना काय करता?" आम्ही हवेतच हात पुढे करून दोन नॉब ओढून दाखवले.

ज्यांचे मुलगे-भाचे या शाळांत जाणार असतील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी एक गोष्ट लेखी मागावी : आवारात विद्यार्थ्याला इजा झाली तर खर्च कोणाच्या विम्यातून होणार? आमच्या तुकडीतल्या कोणीच हे विचारले नव्हते. तो मुलगा हातात पट्टी बसवून पाच महिन्यांनी परीक्षा पास झाला, आता शेतमाल वाहतो. त्याच्या बिलाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. गेल्या महिन्यात त्याच्या वकिलाने आमच्या त्या कागदाची प्रत मागून नेली.