खुब्याचें हाड

मनुष्य कामास लागला म्हणजे त्यानें कंबर कसली, आणि संकटानें खचला म्हणजे त्याची कंबर मोडली, असें मराठींत म्हणण्याचा प्रघात आहे. भाषेनें कमरेला दिलेला हा मान शरीरशास्त्रासही मान्य आहे. धडाचा सारा भार दोन पायांवर सोंपविण्याचें काम जेथें होतें, ती जागा म्हणजे श्रोणि. नागपूरच्या दक्षिणेस मिहान येथें अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे; तिची पहिली तुकडी २०१८ सालीं दाखल झाली. तेथील विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षीं ज्या हाडांची ओळख करून घ्यावी लागते, त्यांत श्रोणीचीं हाडें येतात. ही ओळख सामान्य माणसालाही उपयोगी आहे, आणि विदर्भांतील माणसाला तर विशेषच.

श्रोणि ही बूड नसलेल्या घमेल्यासारखी असते. दोन्ही बाजूंस खुब्याचें एकेक हाड, मागें पांच मणके सांधून झालेलें त्रिकास्थि, आणि त्याखालीं माकडहाड. पुढच्या बाजूस खुब्याचीं दोन्ही हाडें कूर्चेच्या पट्टीनें एकमेकांस जोडलेलीं असतात.

खुब्याचें हाड एकच दिसलें, तरी तें मुळांत तिहींचें बनलेलें आहे. वरचें रुंद, पसरट तें श्रोणिफलक. कमरेवर हात ठेवला असतां हातास लागते ती त्याचीच कड, आणि मूल कडेवर घेतलें म्हणजे तें टेकतें तेंही तिच्यावरच. खालचें आसनास्थि, मांडी घालून बसलेल्या माणसाचा भार तें सोसतें. पुढचें जघनास्थि. बालपणीं या तिहींमध्यें कूर्चा असते. चौदा ते सतरा वर्षांच्या सुमारास तीं सांधून एकजीव होतात. जेथें तिन्ही मिळतात, तेथें एक खोल वाटी तयार होते. तिला उलूखल, म्हणजे उखळ, असें नांव आहे. रोमन लोकांना तींत शिरक्याची वाटी दिसली. मांडीच्या हाडाचें गोल डोकें या उखळांत बसतें. खांद्याची वाटी उथळ असल्यामुळें हात चहूंकडे फिरतो, पण सहज निखळतो. खुबा तितका फिरत नाहीं, पण भार पेलतो. स्त्रीची श्रोणि पुरुषाच्या श्रोणीहून रुंद असून तिचा मार्ग अधिक गोल असतो, कारण बाळाचें डोकें त्यांतून बाहेर यावयाचें असतें.

एवढ्या बळकट सांध्यांत एक उणीव आहे. मांडीच्या हाडाच्या डोक्यास मुख्यतः त्याच्या मानेवरून चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतूनच रक्त मिळतें. त्या तुंबल्या कीं तें डोकें आंतून मरूं लागतें आणि पुढें भारानें चेपतें. विदर्भांत, आदिवासी व इतर अनेक समाजांत, आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक विकारांत नेमकें असें घडूं शकतें. या विकारांत प्राणवायु कमी पडला कीं तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वांकड्या व ताठर होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात.

म्हणून सिकलसेल असलेला तरुण मांडीचा सांधा दुखतो म्हणूं लागला, अथवा लंगडूं लागला, तर ती लचक समजून तेल चोळीत बसूं नये. प्रारंभीं साध्या क्ष-किरण चित्रांत दोष दिसेलच असें नाहीं, एम. आर. आय. तपासणींत तो लवकर दिसतो. डोकें चेपण्यापूर्वीं निदान झाल्यास खुबा वांचविण्यास वाव असतो. चेपल्यावर पुष्कळदां कृत्रिम सांधा बसवावा लागतो. ज्याची रक्ततपासणी झालेली नाहीं, त्यानें ती करून घ्यावी, आणि विवाहापूर्वीं तर अवश्य. कारण आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. सिकलसेलच्या निर्मूलनासाठीं १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि तिच्यांतही तपासणीवरच भर आहे. जें हाड जन्मभर भार वाहतें, त्याचें दुखणें वेळींच ऐकणें यांतच शहाणपण आहे.