सडपातळ फोन, अर्धपोटी बॅटरी : पेडणे-डिचोलीच्या गिऱ्हाईकाने नेमकं काय बघावं?

दोडामार्गहून डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारा माणूस सकाळी घर सोडतो, तेव्हा त्याचा फोन शंभर टक्के भरलेला असतो. संध्याकाळी परतीच्या वाटेवर तोच फोन लाल रेघ दाखवू लागतो. बसचं तिकीट यूपीआयने काढायचं असतं, घरी उशीर होणार हे कळवायचं असतं, कोणी बांबोळीला जीएमसीत दाखल असेल तर तिथला फोन कधी वाजेल याचा नेम नसतो. सिंधुदुर्गातले कितीतरी पेशंट उपचारासाठी बांबोळीलाच येतात. त्यांच्याबरोबर आलेल्या नातेवाइकांचा दिवस बऱ्याचदा चार्जिंगचा प्लग शोधण्यात जातो. ‘मोबाईल बंद पडलो’ हे वाक्य या पट्ट्यात अजून रोजचंच आहे.

आणि नेमक्या याच काळात मोबाईल कंपन्या सांगू लागल्या आहेत, की आमचा नवा फोन आतापर्यंतचा सर्वात पातळ आहे.

२०२५ मध्ये ही शर्यत पुन्हा सुरू झाली. मे महिन्यात सॅमसंगने ‘गॅलेक्सी एस२५ एज’ आणला, जाडी ५.८ मिलिमीटर. सप्टेंबरमध्ये ॲपलचा ‘आयफोन एअर’ आला, जाडी ५.६ मिलिमीटर. भारतात पहिल्याची सुरुवातीची किंमत १,०९,९९९ रुपये, दुसऱ्याची १,१९,९०० रुपये. दोन्ही फोन हातात घेतल्यावर छान वाटतात, यात वाद नाही. प्रश्न आहे तो कमी झालेली जाडी गेली कुठे, हा.

एका मिलिमीटरची किंमत

उत्तर सॅमसंगच्याच दोन फोनांत आहे. ‘एस२५ प्लस’ आणि ‘एस२५ एज’ या दोघांचा स्क्रीन ६.७ इंचांचा. प्लसची जाडी ७.३ मिलिमीटर आणि बॅटरी ४,९०० एमएएच. एजची जाडी ५.८ मिलिमीटर आणि बॅटरी ३,९०० एमएएच. म्हणजे दीड मिलिमीटर कापला आणि त्याबरोबर एक हजार एमएएच गेले. दीड मिलिमीटर म्हणजे जवळपास एका रुपयाच्या नाण्याची जाडी. त्यासाठी बॅटरीचा पाचवा हिस्सा कमी. ज्याचा फोन रात्री दहापर्यंत टिकायचा, त्याचा सातच्या सुमारासच मान टाकणार, असा याचा ढोबळ अर्थ.

असं का होतं? फोन उघडून पाहिला तर आतली सर्वात मोठी वस्तू बॅटरीच असते. स्क्रीन, काच, सर्किटची पट्टी यांची जाडी एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही. मग कात्री चालते ती बॅटरीवर. तिची लांबी-रुंदी फोनच्या आकाराने ठरलेली, त्यामुळे उंची कमी केली की पोट कमी झालंच.

वर गंमत अशी, की जाहिरातीतली जाडी कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून मोजलेली असते. फोन घेतल्याच्या दिवशीच माणूस त्याला बॅक कव्हर घालतो, कारण लाखाचा फोन पडला तर परवडणार नाही. कव्हर घातलं की वाचवलेला मिलिमीटर परत आला, आणि गेलेली बॅटरी मात्र गेलीच. आयफोन एअरबरोबर ॲपलने पाठीला चिकटणारी जास्तीची बॅटरी वेगळी विकायला ठेवली, यातच सगळं आलं.

पातळपणाची हौस काही आजची नाही. २०१४ साली विवोने ४.७५ मिलिमीटरचा ‘एक्स५ मॅक्स’ आणि ओप्पोने ४.८५ मिलिमीटरचा ‘आर५’ आणला होता. दोघांची बॅटरी दोन हजार एमएएच. त्याच वर्षी आयफोन ६ प्लस खिशात वाकतो म्हणून जगभर बोंबाबोंब झाली. पुढच्या वर्षी सॅमसंगने ‘एस६’मध्ये जाडी ८.१ वरून ६.८ मिलिमीटरवर आणली, त्यापायी बॅटरी २,८०० वरून २,५५० एमएएचवर उतरवली आणि पाठीचं झाकण कायमचं बंद केलं. तोपर्यंत झाकण काढून बॅटरी बदलता यायची. नोकियाची ‘बीएल-५सी’ बॅटरी ज्यांच्या घरात एक जादा पडलेली असायची, त्यांना यातला फरक समजावून सांगायला नको.

डोंगराआड फोन ओरडतो

पणजीत दिवसभर टिकणारा फोन तिळारीच्या खोऱ्यात दुपारीच का बसतो, हे पुष्कळांना कोडं वाटतं. ‘गोवा सुटला, महाराष्ट्र लागला की बॅटरी खाते’ असंही लोक म्हणतात. राज्याचा त्यात काही दोष नाही. दूरसंचाराच्या नकाशात गोवा वेगळा नाहीच, तो महाराष्ट्र सर्कलमध्येच मोडतो. पत्रादेवीला किंवा दोडामार्गच्या नाक्यावर राज्य बदलतं, सर्कल बदलत नाही. चोर्ला घाट चढून बेळगावकडे गेलं की मग कर्नाटक सर्कल लागतं.

खरं कारण टॉवरच्या अंतरात आणि मधल्या डोंगरात आहे. फोन हा एकाच वेळी रेडिओ आणि छोटं प्रक्षेपण केंद्रही असतो. टॉवर जवळ असला की तो कुजबुजल्यासारखा बोलतो, लांब असला की ओरडतो. ४जी फोनला जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅट ताकदीने लहरी सोडण्याची मुभा असते. जवळच्या टॉवरशी बोलताना याच्या हजाराव्या हिश्शातही काम भागतं. मध्ये टेकडी आली, दाट झाडी आली, त्यात पावसाने पानं ओली झाली, की लहरी अडतात आणि फोन आवाज चढवतो. सिग्नल पूर्ण गेला तर आणखी वाईट, कारण मग तो थोड्या थोड्या वेळाने टॉवर शोधत राहतो. खिशात नुसता पडलेला फोनही अशा जागी झपाट्याने उतरतो. दोन सिम असली तर हा शोध दोन्हीकडून चालतो, आणि सीमेवर एकाचं नेटवर्क गेलं तर दुसऱ्याचं असावं म्हणून दोन सिम ठेवणारे घरोघरी आहेत.

पावसाळ्यात यावर आणखी एक थर चढतो. झाड तारांवर पडून वीज जाते. घरातला चार्जर बंद होतोच, पण टॉवरलाही वीज लागते. त्याची बॅटरी किंवा जनरेटर काही तास ओढतो आणि मग तोही थंड. वाडीतले सगळे फोन मग लांबच्या टॉवरला धरू पाहतात. म्हणजे चार्जिंगची सोय नसते त्याच रात्री फोन सर्वात जास्त वीज खातो. अशा रात्री १०८ ला फोन लावण्याची वेळ आली, तर ते हजार एमएएच कुठे गेले याचं उत्तर जाडीच्या आकड्यात शोधावं लागेल.

पेडण्याच्या बाजूला अडचण थोडी वेगळी आहे. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं उडू लागली आणि या भागातल्या कितीतरी जणांचं पोट फोनवर आलं. टॅक्सीवाला, मोटारसायकल पायलट, मोरजी-हरमलला जेवणाच्या ऑर्डरी पोचवणारा पोरगा, सगळ्यांचा फोन हँडलला किंवा डॅशबोर्डवर उन्हात लावलेला असतो. नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजेडावर, डेटा चालू. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. ३५ अंशांच्या वरच्या हवेत फोन वापरला तर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असं खुद्द ॲपल आपल्या ग्राहकांना सांगते. पातळ फोनमध्ये उष्णता पसरायला जागा कमी, आणि लहान बॅटरी दिवसातून दोनदा भरावी लागत असल्याने ती म्हातारीही लवकर होते. बॅटरीचं आयुष्य वर्षांत मोजण्यापेक्षा ती किती वेळा भरली-रिकामी केली यावर मोजलेलं बरं.

आयफोन एअरची आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या सवयीला धरून नाही. त्यात सिमकार्ड घालायची खाचच नाही, फक्त ई-सिम. ती जागाही बॅटरीसाठी वापरली, असं कंपनीचं म्हणणं. पण फोन बंद पडला की आपला माणूस काय करतो? सिम काढतो, शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालतो आणि कॉल लावतो. ई-सिममध्ये ही सोय संपली. फोन मेला की नंबरही त्याच्याबरोबर अडकला.

भारतात लांब टिकणाऱ्या बॅटरीला नेहमीच गिऱ्हाईक मिळालं आहे. मायक्रोमॅक्सने २००८ साली आपला पहिला फोन ‘एक्स१आय’ आणला तो ३० दिवसांच्या स्टँडबायच्या जोरावर. पश्चिम बंगालमधल्या वीज नसलेल्या गावात एक जण ट्रकच्या बॅटरीवर पीसीओ चालवत होता, ते पाहून ही कल्पना सुचली, असं कंपनीचे संस्थापक राहुल शर्मा सांगत आले आहेत. तो फोन दिसायला काही देखणा नव्हता.

मग जाड फोनच घ्यायचा का?

इथे पातळ फोनची बाजूही ऐकायला हवी. जाडीबरोबर वजन येतं. एस२५ एज १६३ ग्रॅमचा आहे, मोठ्या बॅटरीचे फोन सहज दोनशेच्या वर जातात. वयस्कर माणसाच्या हाताला, मनगट दुखणाऱ्याला किंवा कुर्त्याच्या छोट्या खिशाला हा फरक जाणवतो. घडीच्या फोनमध्ये तर पातळपणा ही चैन नाहीच. दोन भाग एकमेकांवर बसतात, तेव्हा प्रत्येक भाग पातळ नसेल तर खिशात वीट ठेवल्यासारखं होईल.

शिवाय ‘पातळ की टिकाऊ’ हा झगडा पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. २०२० साली सॅमसंगचा ‘एम५१’ ७,००० एमएएचची बॅटरी घेऊन आला, तेव्हा त्याची जाडी ९.५ मिलिमीटर आणि वजन २१३ ग्रॅम होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘वनप्लस १५’मध्ये ७,३०० एमएएच आहेत आणि जाडी साधारण ८ मिलिमीटर. वजन जवळपास तेवढंच. पाच वर्षांत बॅटरी वाढली आणि फोन मात्र बारीक झाला.

हे साधलं ते सिलिकॉन-कार्बन बॅटरीमुळे. नेहमीच्या लिथियम बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं, चार्जिंगच्या वेळी लिथियम त्याच्यात जाऊन बसतं. वजनाला वजन धरलं तर सिलिकॉनमध्ये ग्राफाइटच्या जवळपास दहापट लिथियम मावतं, निदान कागदावर तरी. मग सगळंच सिलिकॉन का नाही? कारण लिथियम आत गेलं की ते भिजत घातलेल्या वाटाण्यासारखं फुगतं, मूळ आकाराच्या तिप्पट-चौपट होतं, आणि चार्ज उतरला की पुन्हा आक्रसतं. रोजच्या फुगण्या-आक्रसण्याने त्याला तडे जातात. म्हणून ते थोड्या प्रमाणात, कार्बनच्या जाळीत गुंफून वापरतात. चीनच्या ऑनर कंपनीने २०२३ मध्ये अशी बॅटरी फोनमध्ये आणली आणि पाठोपाठ इतर चिनी कंपन्यांनीही ती उचलली. एस२५ एजमध्ये मात्र जुन्याच पद्धतीची बॅटरी आहे. सर्वात महाग, सर्वात पातळ फोनमध्ये जुनी बॅटरी आणि त्याहून पुष्कळ स्वस्त फोनमध्ये नवी, असा हा उलटा बाजार आहे. सॅमसंग आणि ॲपल यांच्या या दोन्ही पातळ फोनना अपेक्षेइतका उठाव नाही, अशा बातम्या २०२५ संपता संपता आल्याच.

नव्या बॅटऱ्यांचं कौतुक करताना एक सावधगिरी बाळगावी. त्या बाजारात येऊन फार वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे चार-पाच वर्षं रोज वापरल्यावर त्या कशा वागतात याचा अनुभव अजून तोकडाच आहे. आणि आपल्याकडे फोन दोन वर्षांत टाकून देत नाहीत. मोठ्याचा फोन धाकट्याकडे जातो, तिथून आजीकडे. तेव्हा खरा प्रश्न येतो तो बॅटरी बदलण्याचा.

पातळ फोनांत बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. पाठ तापवून, काच न फुटू देता ती सोडवणं हे सराईत हाताचं काम. म्हापसा किंवा सावंतवाडीच्या दुकानात ते करून मिळतं, पण मूळ कंपनीची बॅटरी मिळेलच असं नाही आणि पाणी न शिरण्याची हमी पाठ उघडताच जाते. आपल्या पावसात ही लहान गोष्ट नव्हे.

युरोपात यावर कायदा झाला आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकायला आलेल्या नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा भरल्यानंतरही ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी असाही नियम लागू होतो, मात्र जास्त टिकणाऱ्या आणि पाणी न शिरणाऱ्या फोनना त्यातून सवलत आहे. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, सुटे भाग किती सहज मिळतात, यावरून फोनला गुण द्यायचे, अशी ती कल्पना. दुकानात फोनच्या खोक्यावर तो आकडा दिसेल तेव्हा दिसेल.

तोवर दुकानदाराला जाडी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारलेल्या बऱ्या : बॅटरी किती एमएएचची आणि कोणत्या प्रकारची, ती बदलायला किती पैसे, आणि बदलून देणारं सर्व्हिस सेंटर कुठे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पणजी की पुणे, यावर दोडामार्गच्या गिऱ्हाईकाचा एक दिवस आणि एक खाडा ठरतो.